दयेची भिंत आणि तक्रारीचा हक्क

अपंगांविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात दया भरपूर असते आणि माहिती फार थोडी असते. एखाद्या निवासी शाळेच्या वर्धापनदिनाचा वृत्तांत घ्या, एखाद्या ध्येयवादी संस्थाचालकाचा गौरवग्रंथ घ्या, किंवा दिवाळी अंकातला 'त्यांच्या जगात एक दिवस' अशा थाटाचा लेख घ्या. लेखक तेथे जातो, गहिवरतो, 'खरे अपंग तर आपणच' असे काहीतरी लिहितो आणि संध्याकाळच्या गाडीने परत येतो. त्या मुलांना रात्री किती माणसे सांभाळतात, न्हाणीघराच्या दाराला आतून कडी आहे काय, आजारी मुलाला दवाखान्यात न्यायचे की नाही हे कोण ठरवते, एखाद्याने मारले तर मुलाने ते कोणाला सांगायचे, या प्रश्नांची उत्तरे त्या लेखात नसतात. कारण ते प्रश्न विचारलेलेच नसतात. गहिवरलेला माणूस कडीकोयंडा पाहत नाही.

या न विचारलेल्या प्रश्नांविषयी मला लिहावयाचे आहे. मी अपंगांच्या शिक्षणाचा तज्ज्ञ नाही. साहित्य शिकवणारा मास्तर आहे. परंतु नावे कोण ठेवतो आणि कोणाला ठेवतो याकडे लक्ष द्यावे, एवढे आपल्या चळवळीने मला शिकविले आहे. म्हणून सुरुवात नावापासूनच करतो.

२७ डिसेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील 'मन की बात' या भाषणात 'विकलांग' ऐवजी 'दिव्यांग' म्हणावे असे सुचविले. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारच्या खात्याच्या हिंदी नावात हा शब्द आला. महाराष्ट्रात २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागच निघाला. अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांनी २०१६ मध्येच या नावाला जाहीर विरोध केला होता. त्यांचे म्हणणे साधे होते: आमच्या अंगात दैवी असे काही नाही, आम्हाला कचेरीत जाता येत नाही कारण पायऱ्यांशेजारी उतार बांधलेला नाही. उतार बांधायला खर्च येतो, नाव बदलायला येत नाही.

हा वाद वाचताना आपल्यापैकी कोणाला १९३८ साल आठवले नाही तर नवल. त्या वर्षी जानेवारीत मुंबई विधिमंडळात एका विधेयकातून अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालण्याचा घाट घातला गेला. बाबासाहेबांनी आणि दादासाहेब गायकवाडांनी त्याला हरकत घेतली आणि सरकारपक्ष ऐकत नाही असे पाहून स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृहाबाहेर पडले. आम्ही हरीचे, तर मग तुम्ही कोणाचे, हा प्रश्न तेव्हा अस्पृश्यांच्या वस्त्यांतून विचारला जात होता. 'दिव्यांग'लाही तोच प्रश्न विचारता येतो. ज्याच्या वाट्याला तुम्ही पाणी, रस्ता, शाळा येऊ दिली नाही त्याच्या वाट्याला देव देऊन टाकायचा, ही या देशातली जुनी वाटणी आहे. तरीही मी या लेखात 'अपंग' हाच शब्द वापरतो. तो फार चांगला आहे असे नव्हे. निदान त्यात कोणी आशीर्वाद दिल्याचा आव नाही.

नावापेक्षा महत्त्वाचा आहे तो नावामागचा कारभार. पुणे करारानंतर १९३२ मध्ये अस्पृश्यता निवारणासाठी जी संस्था निघाली तिचे पुढे 'हरिजन सेवक संघ' असे नाव झाले. १४ नोव्हेंबर १९३२ रोजी, गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून, बाबासाहेबांनी संस्थेचे चिटणीस ठक्कर यांना पत्र लिहिले. ते पत्र आपल्या कार्यकर्त्यांनी पुन्हा काढून वाचावे. त्यांचा मुद्दा असा होता की अस्पृश्य माणसाला व्यक्तिशः सद्गुणी, स्वच्छ आणि निर्व्यसनी करण्यात संस्थेने शक्ती घालवू नये; विहीर, शाळा, रस्ता, वाहन यांवरील त्याचा नागरी हक्क प्रस्थापित करण्यासाठी झगडावे. आणि हे काम करणारी माणसे शक्यतो त्याच समाजातील असावीत. गांधीजींची भूमिका वेगळी पडली. हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, ऋणको सवर्ण आहेत, तेव्हा संस्थेची सूत्रे त्यांच्याकडेच असणे योग्य, असा त्यांचा युक्तिवाद होता. वरून तो नम्र वाटतो. परंतु त्याचा व्यवहारातला अर्थ असा झाला की ज्याच्यासाठी संस्था, तो संस्थेच्या कारभारात नाही.

मी ज्या वर्धा जिल्ह्यात शिकवतो तेथे 'सेवा' या शब्दाला फार वजन आहे. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले आणि १९३६ मध्ये शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहू लागले. त्याच साली मनोहर दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठरुग्णांचे काम उभे केले. बाबा आमटे याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटचे. या कामाची थोरवी मी नाकारत नाही. ज्यांना गावाने वेशीबाहेर हाकलले होते त्यांच्या जखमा धुणे ही सामान्य गोष्ट नव्हे, आणि वेशीबाहेरचे असणे म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. पण थोर माणसांचा सेवाभाव हीच पुढे हजार सामान्य संस्थांची घटना झाली. थोर माणूस एखादाच असतो. त्याच्या नावाने भाषणे करून अनुदान उचलणारे मात्र तालुक्यातालुक्याला असतात. आणि सेवा म्हटले की हिशेब मागणारा कृतघ्न ठरतो. ही अडचण थोर संस्थेतही असते आणि भ्रष्ट संस्थेतही असते. फरक एवढाच की थोर संस्थेत ती सहसा जीवघेणी ठरत नाही.

काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांबरोबर विदर्भातल्या एका निवासी शाळेत जाण्याचा योग आला. प्रवेशद्वारापाशी संगमरवरी पाटी होती. तिच्यावर देणगीदारांची नावे. पंख्यांच्या पात्यांवर नावे, पाण्याच्या यंत्रावर नाव, जेवणघरातल्या बाकांवर दिवंगत आईवडिलांची नावे. अभिप्रायाच्या वहीत पाने भरून 'स्तुत्य उपक्रम' लिहिलेले. मुलांची नावे मात्र कुठे दिसली नाहीत. त्यांच्या सदऱ्यांच्या कॉलरवर आकडे शिवलेले होते, धुणे ओळखू यावे म्हणून. मी अधीक्षकांना विचारले, एखाद्या मुलाला काही सांगायचे असेल तर ते कुठे सांगते? ते माझ्याकडे पाहतच राहिले. म्हणाले, "यांना काय समजते सर! यांची काही तक्रारच नसते." गृहस्थ दुष्ट नव्हते. बोलता बोलता एका मुलाचे नाक त्यांनी आपल्या रुमालाने पुसले. मला भीती वाटली ती त्यांच्या त्या निर्मळ खात्रीची.

ही खात्री काय करू शकते याचे महाराष्ट्रातले मोठे उदाहरण फेब्रुवारी १९९४ मधले आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासनमान्य वसतिगृहातल्या अकरा मतिमंद मुली व स्त्रिया यांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आली. आणखीही काहींच्या व्हावयाच्या होत्या. स्त्रीसंघटना आणि कार्यकर्ते यांनी आवाज उठविल्यावर त्या थांबल्या. कारण काय दिले गेले? या मुलींना पाळीच्या दिवसांत स्वच्छता राखता येत नाही. म्हणजे स्वच्छतेसाठी लागणारे कापड, पाणी, शिकविणारी बाई आणि थोडा धीर हे पुरविण्याऐवजी शरीराचा अवयवच कमी केला. त्या काळात कित्येक सुशिक्षित माणसांनी याचे समर्थन केले. समर्थन करणाऱ्यांत संवेदनशील म्हणून ओळखली जाणारी माणसेही होती. त्यांचाही सूर दयेचाच होता: बिचाऱ्यांचा त्रास वाचला.

त्रास कोणाचा वाचला, हा प्रश्न येथे विचारला पाहिजे. मुलीची संमती घेतली नव्हती, कारण तिला संमती देण्याइतके मन आहे हेच मान्य नव्हते. आणि आणखी एक गोष्ट तेव्हाच्या चर्चेत दबक्या आवाजात बोलली गेली, ती मोठ्याने म्हटली पाहिजे. गर्भाशय काढल्याने बलात्कार थांबत नाही. बलात्काराचा पुरावा थांबतो. वसतिगृहात मुलगी गरोदर राहिली तर निदान विचारपूस तरी होते. ती शक्यताच कापून टाकली की संस्था निर्धास्त. स्वच्छतेच्या नावाखाली शरीरावर ताबा मिळविण्याचा हा प्रकार आपल्याला अपरिचित वाटू नये. स्वच्छता आणि विटाळ या दोन शब्दांखाली या देशात काय काय केले गेले, हे आपल्या आजीपणजींना विचारा.

पुढे २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातले कवडास गाजले. तेथील मतिमंद मुलांच्या वसतिगृहात झालेले मृत्यू आणि छळ यांची बातमी वर्तमानपत्रांत आली आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन ती जनहित याचिका म्हणून चालविली. त्या निमित्ताने राज्यातील अशा वसतिगृहांची पाहणी करण्याचे आदेश निघाले. २०११ मध्ये पनवेलजवळच्या कळंबोली येथील एका खासगी बालगृहातले प्रकरण पुढे आले. तेथील मतिमंद मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह आरोपींना दोषी ठरविले. ही दोन्ही ठिकाणे चोरून चालविलेली नव्हती. तेथे पाटी होती, दप्तर होते, भेटीला येणारे अधिकारी होते. नेहमीची तपासणी म्हणजे हजेरीपट आणि खर्चाच्या पावत्या. त्या नीट असल्या की शेरा चांगला. तमिळनाडूतील एर्वाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका निवासात आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेली २८ मनोरुग्ण माणसे जळून मेली. त्या साखळ्याही काही लपविलेल्या नव्हत्या. येणारे जाणारे भाविक त्या रोज पाहत होते.

माझ्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि तो झालो मागासवर्गीय मुलांच्या एका वसतिगृहात राहून. त्या वसतिगृहाचे मोठेपण मी सांगणार नाही. डाळ पातळ होती आणि तांदळात अळ्या होत्या. पण आम्ही काय केले? एका रात्री ताटे वाजवली, दुसऱ्या दिवशी साठ पोरे ताटे घेऊनच जिल्ह्याच्या कचेरीवर चालत गेली. आठवड्यात ठेकेदार बदलला. आम्ही फार शूर होतो असे नाही. आम्हाला तोंड होते, पाय होते, गावात बापाला निरोप पोचविता येत होता, आणि 'आमच्या अनुदानाचे काय केले' हे विचारायला शिकविणारी चळवळ पाठीशी होती. तेच अनुदान, तसलाच ठेकेदार, तसलीच डाळ, पण ताटापुढे बसलेले मूल बोलू शकत नाही, किंवा बोलते ते अधीक्षकाला कळत नाही, किंवा त्याला घरून भेटायला वर्षात एकदाही कोणी येत नाही. येथे मला या प्रश्नाचे मूळ दिसते. आश्रितांची सुरक्षितता संस्थाचालकाच्या चांगुलपणावर टिकत नाही. ती त्यांची तक्रार भिंतीबाहेर पोचते की नाही यावर टिकते. दयेच्या व्यवस्थेत तक्रारीला जागाच नसते, कारण दान घेणाऱ्याने तक्रार करायची नसते.

आता आपल्या साहित्याकडे वळतो. मराठी भाषेने अपंगाची तक्रार ऐकण्यापेक्षा त्याला दृष्टान्त म्हणून राबविणेच अधिक पसंत केले. 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' ही म्हण पाहा. आपण ती हसण्यावारी वापरतो आणि हसतो ते दळणाऱ्याला. वस्तुतः त्या म्हणीत एक गुन्हा नोंदविलेला आहे. दळण्याची मेहनत कोणाची, पीठ कोणाच्या पोटात गेले, आणि ते कुत्रे कोणी मोकळे सोडले? अनुदानाच्या कारभाराचे याहून चांगले वर्णन कोणत्याही अहवालात सापडणार नाही, पण म्हणीचा रोख आंधळ्यावरच राहिला. चित्रपटांत पाहावे तर १९९१ चा 'चौकट राजा' आठवतो. दिलीप प्रभावळकरांच्या अभिनयाने महाराष्ट्र रडला. मीही रडलो, आणि त्या चित्रपटाने मतिमंद माणसाला निदान मध्यभागी आणले हे मान्य केले पाहिजे. पण आईच्या मायेवर आणि मैत्रिणीच्या जिव्हाळ्यावर उभे असलेले आयुष्य ती माणसे नसताना कोणावर उभे राहील, हा प्रश्न प्रेक्षकाच्या रुमालात भिजून गेला.

दलित साहित्याला मात्र मी येथे सूट देऊ इच्छित नाही. आपल्या कवितेत 'आंधळी व्यवस्था', 'बहिरे सरकार', 'लंगडे स्वातंत्र्य', 'पांगळी लोकशाही' यांची रेलचेल आहे. संतापाच्या भरात आपण सत्ताधाऱ्यांना जे म्हणतो ते ज्या माणसाचे शरीर आहे त्याला वाचताना काय वाटत असेल, याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. सरकार बहिरे नसते. ते ऐकून दुर्लक्ष करते, आणि दोन्हींत फरक आहे. बहिरा माणूस तुमच्या ओठांकडे लक्ष देऊन पाहतो. बाबासाहेबांच्या १९२० च्या पत्राचे नाव 'मूकनायक' होते, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण तेथे मूक म्हणजे बोलता न येणारा नव्हे. ज्याला बोलू दिले गेले नाही तो. हा भेद मोलाचा आहे आणि तो उलट्या दिशेनेही लावला पाहिजे. जन्मतः बोलता न येणाऱ्या मुलालाही खरा मुकेपणा येतो तो त्याची खूण समजून घेणारे कोणी नसते म्हणून. २०१३ च्या फौजदारी कायद्यातील दुरुस्तीने पुराव्याच्या कायद्यातला 'मुका साक्षीदार' हा शब्दप्रयोग जाऊन 'तोंडी बोलून सांगू न शकणारा साक्षीदार' असा आला आणि त्याचे म्हणणे समजण्यासाठी दुभाष्याची किंवा विशेष शिक्षकाची मदत घेण्याची तरतूद झाली. समीक्षकांच्या हे लक्षात आले नाही. आपल्या शब्दांपेक्षा कायद्याचा शब्द येथे पुढे गेला आहे.

आणि हा प्रश्न 'त्यांचा' आहे, आपला नव्हे, असे ज्यांना वाटते त्यांनी मनुस्मृतीचा नववा अध्याय उघडावा. वारसा नाकारण्याची यादी करताना तेथे एकाच श्लोकात पतित आणि जन्मांध, बहिरे, मुके, वेडे, जडबुद्धी यांना एकत्र बसविले आहे. जातीबाहेर टाकलेला आणि शरीराने अपुरा ठरवलेला, दोघांनाही घरच्या मालमत्तेत वाटा नाही. पोटापुरते अन्न मात्र द्यावे, अशी सोय पुढच्याच श्लोकात आहे. हक्क काढून घ्यायचा आणि भाकरी द्यायची: निवासी संस्थेची कल्पना इतकी जुनी आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ज्या ग्रंथाचे दहन झाले त्यात हा श्लोकही होता. पुढे हिंदू वारसा कायद्याने १९५६ मध्ये रोग, व्यंग किंवा विरूपता या कारणाने कोणाचाही वारसा नाकारता येणार नाही असे स्वच्छ लिहिले. त्या कायद्याची मुळे हिंदू कोड बिलात आहेत आणि ते बिल कोणी लढविले हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको.

बौद्ध म्हणून आपली बाजूही झाकून ठेवू नये. विनयपिटकातील महावग्गात ज्यांना प्रव्रज्या देऊ नये अशांची यादी आहे; तीत आंधळे, मुके, बहिरे, पंगू, कुबडे, कुष्ठी आहेत. इतिहासकार त्याची कारणे देतील: संघ हा दवाखाना होऊ नये, औषधोपचाराच्या आशेने लोक चीवर घेऊ नयेत. कारणे असोत, यादी यादीच आहे, आणि धम्म तपासून घेण्याची मुभा आपल्याला आहे. त्याच महावग्गात दुसरी एक गोष्ट आहे. हगवणीने आपल्याच मळात पडलेला एक भिक्षू बुद्धांना दिसला. इतर भिक्षू त्याच्याकडे जात नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणवले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी संघ बोलावला, चौकशी केली आणि रुग्णाची शुश्रूषा हे संघाचे बंधन ठरविले. शुश्रूषा करणारा कसा असावा याची लक्षणे सांगितली: औषध करता यावे, काय चालते काय चालत नाही हे कळावे, लाभाच्या आशेने करू नये, मलमूत्र काढताना किळस बाळगू नये, रुग्णाचे मन प्रसन्न ठेवता यावे. आणि भिक्षू वारला तर त्याचे चीवर आणि पात्र त्याची शुश्रूषा करणाऱ्यास द्यावे. मला यातील करुणेपेक्षा नियमाचे मोल अधिक वाटते. एका थोर पुरुषाने एक घाण पुसली आणि लोक गहिवरले, अशी ती कथा राहत नाही. तिचा नियम होतो, आणि सेवा करणाऱ्यालाही काही मिळते.

हा शेवटचा मुद्दा आपल्या चळवळीच्या जिव्हाळ्याचा असावयास हवा. या संस्थांतून मुलांना भरवणाऱ्या, धुणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या बाया कोण असतात? नावे पाहा, वस्ती विचारा. मलमूत्र काढण्याचे काम या देशात कोणाच्या गळ्यात पडते हे गुपित नाही. त्यांना 'काळजीवाहक' हे भारदस्त नाव आहे. पगार तुटपुंजा, तोही अनुदान येईपर्यंत थकलेला. रात्री एक बाई आणि खोलीभर मुले. अशा बाईने वैतागून मुलाला फटका मारला की प्रकरण तिच्यावर शेकते. तिला काढून टाकले की संस्था शुद्ध. तिने उलट संस्थाचालकाविरुद्ध काही सांगितले तरी तिलाच काढतात. खाटेवरचे मूल गरिबाचे, फटका मारणारी बाई गरिबाची, आणि संगमरवरी पाटी तिसऱ्याची. मी फटक्याचे समर्थन करीत नाही. एवढेच म्हणतो की बाईच्या नोकरीला संरक्षण दिल्याशिवाय मुलाला साक्षीदार मिळणार नाही. त्या भिंतीआड पाहणारे डोळे बहुधा तिचेच असतात.

कायदा काय म्हणतो? अपंग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. नोंदणीशिवाय संस्था चालविता येत नाही, असे तो सांगतो. त्याचे कलम ९२ वाचताना अॅट्रॉसिटी कायदा वाचल्यासारखे वाटते: लोकांच्या नजरेसमोर हेतुपुरस्सर अपमान, मारहाण, ताब्यातील अपंगाला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणे, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. आपल्या लढ्यातून घडलेली भाषा दुसऱ्या पीडितांच्या उपयोगी पडली याचा आनंद आहे. पण भाषा जशीच्या तशी उचलल्याने एक फट राहिली. 'लोकांच्या नजरेसमोर' ही अट गावच्या चौकासाठी होती. अपंगाचा अपमान बंद खोलीत होतो. आणि शिरूरची सावली याच कलमात अजून आहे: अपंग स्त्रीच्या संमतीशिवाय तिचा गर्भ पाडणे हा गुन्हा, परंतु अपंगत्व तीव्र असेल तर डॉक्टरचे मत आणि पालकाची संमती पुरे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच, चंदीगडच्या सरकारी आश्रयगृहात बलात्कार झालेल्या अनाथ मतिमंद तरुणीच्या खटल्यात, मूल ठेवण्याची तिची इच्छा मान्य केली होती. कायद्याने मात्र अपवादाची एक खिडकी ठेवली.

२७ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'पाटण जमाल वली' या खटल्याचा निकाल दिला. तो प्रत्येक दलित कार्यकर्त्याने वाचावा. आंध्र प्रदेशातील एक जन्मांध दलित तरुणी; बलात्कार करणारा भावांच्या ओळखीचा, घरी येणारा. तिने त्याला आवाजावरून ओळखले. डोळ्यांनी पाहिले नाही म्हणून साक्ष दुबळी, हा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला. अपंग स्त्रीची साक्ष कमी प्रतीची मानता येणार नाही असे स्पष्ट सांगितले आणि बलात्काराबद्दलची जन्मठेप कायम ठेवली. जात, लिंग आणि अपंगत्व एकाच देहावर एकत्र कसे आदळतात याची चर्चाही निकालात आहे. आणि तरीही अॅट्रॉसिटी कायद्याखालची शिक्षा टिकली नाही, कारण गुन्हा ती दलित असल्यामुळेच घडला याचा वेगळा पुरावा फिर्यादी पक्षाने दिला नव्हता. घटना जुनी होती. २०१६ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीनंतर पीडित दलित आहे हे आरोपीला माहीत असणे पुरे आहे. पण एकाच बाईचे तीन तुकडे करून प्रत्येकाचा वेगळा पुरावा मागायचा, ही सवय दुरुस्तीने जात नाही. आपल्या संघटनांतही ती आहे. अपंगांची संघटना जात विचारत नाही, आपली संघटना अपंगत्व विचारत नाही, आणि दोन्ही ठिकाणी ती मुलगी अर्धीच पोचते.

नागपूर-अमरावती महामार्गावरचे आमचे कारंजा (घाडगे) हे तालुक्याचे गाव. येथल्या अपंगाला प्रमाणपत्रासाठी वर्ध्याच्या जिल्हा रुग्णालयात जावे लागते, सोबत एक माणूस, म्हणजे दोन मजुऱ्या बुडवून. संजय गांधी निराधार योजनेत बसायचे तर आधी स्वतःला निराधार सिद्ध करायचे. नावातच अट लिहिलेली. या खेपांविषयी पुष्कळ बोलले जाते. २०१६ च्या कायद्यातील कलम ७ विषयी मात्र कोणी बोलत नाही. अपंगाचा छळ किंवा शोषण झाले आहे, होत आहे किंवा होण्याचा संभव आहे असे ज्याला सकारण वाटते असा कोणीही माणूस किंवा नोंदणीकृत संस्था कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकते, असे ते कलम सांगते. खबर पीडितानेच दिली पाहिजे असे नाही. कळविल्यावर दंडाधिकाऱ्याने तो प्रकार थांबविण्यासाठी किंवा टाळण्यासाठी पावले उचलायची असतात, पीडिताच्या सुटकेचा आदेशही तो देऊ शकतो. कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे कोणी मुंबईला बसलेला माणूस नव्हे. तालुक्याचा तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी असतो आणि त्याची कचेरी बाजारात आलेल्या प्रत्येकाला माहीत असते. शेतसाऱ्यासाठी, दाखल्यांसाठी आपण तेथे रांगा लावतो. या कलमाखालच्या अर्जासाठी रांग लागलेली मी पाहिलेली नाही.

माझ्या वर्गातील काही विद्यार्थी सध्या हे कलम सोप्या मराठीत, चित्रांसह उतरविण्याच्या खटपटीत आहेत, निवासी शाळेतल्या मुलांना आणि तिथल्या बायांना समजेल असे. 'मारणे' आणि 'उपाशी ठेवणे' यांची चित्रे लगेच जमली. 'शोषण' येथे सगळे अडले. एका मुलीने बंद दाराचे चित्र काढले. दुसरा म्हणाला, ते तर त्यांचे रोजचेच दार आहे, त्यांना त्यात वावगे काय दिसणार? मग तिने दाराला आतून कडी काढली, मग ती खोडून बाहेरून काढली. आता दोन्ही कागद टेबलावर आहेत आणि कोणता ठेवावा यावर वाद चालू आहे.